न्हाणीमागची खोली

वसमत,
१८ जून १९७६

ती. दादा यांना चांगुणाचा सप्रेम जयभीम. वहिनीलाबी सांगा.

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. मी बरी आहे. इकडं परवापासून पाऊस लागून राहिला, हट्ट्यातबी लागलाच असेल. दवाखान्यात तापाच्या आन् हगवणीच्या लेकरांची रीघ लागली, बसायला फुरसत न्हाई. तरी आज सुट्टी मागून घेतली. तुमच्या पत्राला उत्तर द्यायची मला घाई होती.

मी वसमतला आल्यापासून तुमचं हे तिसरं पत्र. पहिलं आई गेली तेव्हाचं, दुसरं तुमच्या पंचफुलाच्या लग्नाचं. दोन्ही वेळा तुमी लिहिलं, "येऊन जा." या वेळी लिहिलं, "चांगुणा, ये, तुझ्यावाचून अडलंय." वाचून हसू आलं. खोटं काहून बोलू, लई बरं वाटलं. मास्तरांचं अडलं आन् तेबी माझ्यावाचून!

पंचफुलाला आठवा सरत आला हे मला ठाऊक आहे. बाळापूरहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांपाशी ती निरोप धाडत असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, बराबर आहे. घरची बहीण शिकलेली सुईण असताना परकी बाई कशाला, हेबी बराबर. पंचफुला माझ्या मांडीवर खेळलेली. तिच्यासाठी मी अनवाणी चालत आले असते.

पण पत्राच्या शेवटी तुमी लिहिलं, "न्हाणीमागची खोली रिकामी करून ठेवली आहे. एका बाजूला आहे, बाळंतिणीला वाऱ्याची भीती नाही."

ही ओळ मी चारदा वाचली. वाऱ्याची भीती न्हाई म्हणे! दादा, त्या खोलीत वारा शिरंल कुठून? एका अंगाला तुमची भिंत, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची, तिसऱ्या अंगाला न्हाणी. दार एकच, तेबी तुमच्या माजघरात उघडतं, आन् माजघरात दिवसा चिमणी लावावी लागते. माळवदाला धुराचं भोक होतं, त्यावर पावसाळाभर पत्रा. वर तुमच्या घरात बाळंतिणीची रीत कशी, तर दाराच्या फटीला फडकी ठोसायची, बाजेखाली शेगडी ठेवायची, ओव्याची धुरी करायची आन् सव्वा महिना पोरीला त्या धुरात कोंडायची. कोरड्या घरात बाया हे कसंबसं काढतात. पंचफुलाला पावसाळ्यात धाप लागते हे तुमाला ठाऊक न्हाई व्हय? लग्न होऊन बाळापूरच्या मळ्यातल्या घरात गेली, आन् तिची धाप गेली. तिला तुमी परत त्या ओलीत घालणार?

तुमी चौथीच्या पोरांना फळ्यावर लिहून देता, घरात हवा खेळती पाहिजे, ऊन आलं पाहिजे. पोरं ते घोकतात. मीबी तुमच्याच तोंडून ते शिकले.

त्या खोलीला एक खिडकी होती. तुमी विसरला असाल. मी त्या खोलीत चार वर्षं काढली. आत गेले तेव्हा आमी मायलेकी दोघी होतो. बाहेर पडले तेव्हा मी एकटी होते. पुढचं आज लिहीत न्हाई.

मी येईन. पण न्हाणीचं पाणी भिंतीत मुरतं ते नाली काढून रस्त्याला लावा, आन् खिडकी उघडा. खिडकीसमोर न्हाणीची भिंत येते, ती पाडा. न्हाणी परसात दुसरीकडं बांधा, जागा हाय तुमच्याकडं. हे झालं की पत्र टाका, मी दुसऱ्या दिवशी एस्टीत बसते.

हे न्हाई झालं तर मी येत न्हाई. आन् नुसतं येत न्हाई एवढ्यावर भागणार न्हाई, हेबी ध्यानात ठेवा.

आपली बहीण,
चांगुणा


वसमत,
५ जुलै १९७६

ती. दादा, सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचलं. "खोलीची पूर्ण दुरुस्ती केली, आता तक्रारीला जागा नाही." किती ऐटीत लिहिलं आहे! परमिटवर सिमेंटाच्या गोण्या मिळवल्या, आतून गिलावा केला, वरून चुना दिला. तालुक्याला किती चकरा झाल्या तेबी लिहिलं.

मी म्हणलं, एवढं केलंय तर डोळ्यांनी बघून यावं. परवा शनिवारी तुमी परभणीला मीटिंगला गेला होता ना? मी हट्ट्याला येऊन गेले. वहिनी बोलली न्हाई ना तुमाला? न्हाईच बोलणार. माझ्यासमोर चहा ठेवला आन् पदरानं तोंड पुसत म्हणाली, "वन्सं, माझं त्यांच्यापुढं काय चालतंय?" तिचा मला राग न्हाई. सगळा राग एकाच ठिकाणी लागतो, वाटून द्यायला माझ्याकडं उरत न्हाई.

खोली पांढरीशुभ्र दिसत होती. दारातून बघणाऱ्याला वाटंल, वा, मास्तरांनी लेकीसाठी किती केलं. मी वहिनीला म्हणलं, उडदाचा एक पापड द्या. कोरडा खडखडीत पापड त्या खोलीत खुंटीवर आडवा ठेवला, दार ओढून घेतलं आन् चहा प्यायला बसले. चहा होऊन, दोन गोष्टी बोलून उठले तर पापड लेचापेचा होऊन खाली लोंबत होता. वहिनीनं तो हातात घेऊन बघितला.

मंग मी खलबत्त्यातला बत्ता घेतला आन् न्हाणीकडच्या भिंतीवर ठोकून बघितलं. बद्द वाजलं. आणखी एकदा ठोकलं तर ताटाएवढा पोपडा माझ्या पायावर पडला. मागं मातीची भिंत चिखलासारखी, बोट घातलं तर बोट आत जातं. दादा, माती श्वास टाकते. ओली झाली तरी उन्हाळ्यात वाळते. तिच्या तोंडावर सिमेंट थापल्यावर पाणी जाईल कुठं? वर चढंल. चढलंच आहे. माळवदाच्या सागवानी तुळईच्या टोकाला मी हात लावला तर हात गार पडला. शिकलेल्या माणसानं ओल झाकली आन् म्हणतो दुरुस्ती झाली.

आन् खिडकी? ती तर सिमेंटाखाली पार गडप. कुठं होती तेबी आता नवख्याला सांगता यायचं न्हाई. मला सांगता येतं. दारातून आत गेल्यावर समोर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, चार लाकडी गज.

तुमी न्हाणी बांधली ते चुकलं, असं मी कधीच म्हणलं न्हाई. आपल्या आळीत बाया बाजेला लुगडं आडवं लावून आंघोळ करायच्या. वहिनीसाठी, आईसाठी, माझ्यासाठी भिंतीची न्हाणी झाली, शहाबादी फरशी बसली, आळीतल्या बाया बघायला आल्या. मलाबी गर्व वाटला. पण पाणी कुठं जाणार, हे विचारल्यावर तुमी काय म्हणालात? नाली पुढच्या अंगणातून न्यावी लागंल, अंगणात सायेब येतात, गुरुजी लोक येतात, त्यांच्यासमोरून बायांच्या आंघोळीचं पाणी वाहायचं का? मागंच मुरू द्या. आठ हात नाली काढायची लाज वाटली तुमाला. मंग ते पाणी माझ्या भिंतीत मुरलं.

पहिल्या वर्षी ओल घोट्याएवढी होती. मंग गुडघ्याला आली. भिंतीला लोणा फुटला, पांढरी भुकटी पडायची, मी रोज झाडून काढायची. तिसऱ्या वर्षी ओल माझ्या निर्मलाच्या खांद्यापर्यंत आली, आन् निर्मला तर दर वर्षी वाढत होती. गोधड्या कधी कोरड्या झाल्या न्हाईत. सकाळी उठली की तिच्या केसांना कुबट वास यायचा. शाळेत पोरी तिच्याजवळ बसायच्या न्हाईत. तुमच्याच शाळेत, दादा.

मी लिहिणार न्हवते. लिहिलं गेलं.

तिला धाप लागायची ती भादव्यात जास्त. तुमी तिला सुंठ द्या म्हणायचे. शेवटच्या दिवशी तुमी शाळेत होता, भरदुपारी खोलीत चिमणी जळत होती, आन् बाहेर लख्ख ऊन पडलेलं. लेकरू माझ्या छातीला पाठ लावून बसलेलं, कारण आडवं होता येईना. म्हणालं, "आई, खिडकी उघड ना." काय उघडू? खिडकी तुमी बंद केलेली. न्हाणीत बाया असतात, समोर खिडकी चालायची न्हाई, असा तुमचा हुकूम. मी तिला उचलून अंगणात आणलं तोवर उशीर झाला होता. सात वर्षांची होती. संध्याकाळी तुमी शाळेतून आलात आन् पायरीवर बसून म्हणालात, "नशिबात नव्हतं."

आज तीच खोली तुमी पंचफुलाला देऊन राहिले. तेच पाणी, तीच भिंत, वर सिमेंट.

दहा दिवस देते. भिंत पाडा, खिडकी उघडा. न्हाई तर मी माझ्या परीनं बघून घेईन, मंग म्हणू नका की बहिणीनं सांगितलं न्हाई.

चांगुणा


वसमत,
२ ऑगस्ट १९७६

दादा,

तुमचं मागचं पत्र माझ्या ट्रंकेत आहे. त्यातली एक ओळ मला पाठ झाली. "खिडकी मी बुजवली नाही. विटा मी आणून दिल्या असतील, पण तुझ्या हातानं तू बुजवलीस, आणि आता माझ्यावर घेतेस."

खरं आहे.

मीच बुजवली. तुमी विटा आणून टाकल्या आन् म्हणालात, "दोन दिवसांत लिंपून घे." मी त्याच दिवशी लिंपली. चिखल कालवला, त्यात भुसा घातला, पक्कं व्हावं म्हणून. निर्मला मला विटा आणून देत होती. एक वीट तिला दोन हातांनी उचलावी लागायची. शेवटची वीट बसली तेव्हा ती म्हणाली, "अंधार झाला," आन् हसली. लेकराला खेळ वाटला.

काहून बुजवली ते तुमाला ठाऊक आहे. नवरा विहिरीच्या सुरुंगात गेला, सासरी कोणी ठेवून घेईना, तुमी मायलेकीला खोली दिली. भाकर दिली. तुमी म्हणलं असतं, चांगुणा, विहिरीत उडी घे, तर मी काठावर जाऊन उभी राहिले असते. नऊ वर्षं मी या हातांनी बायांची लेकरं जगात आणते, आन् रोज हात धुताना मला तो चिखल आठवतो. मी कोणाला सांगितलं न्हाई. तुमी ते लिहून धाडलं, शाईनं, मास्तरांच्या अक्षरात. तुमाला वाटलं चांगुणा गप होईल.

चांगुणा गप झाली न्हाई. तुमचं पत्र वाचलं आन् दुसऱ्या दिवशी मी बाळापूरच्या गाडीत बसले.

किशनराव जावई शेतात होते, निंदण चालू होतं. बांधावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या विटांसकट. ते म्हणाले, "आत्याबाई, मामंजींना वाईट वाटंल, पण माझी बायको मला पायजेल." पंचफुला दारात होती. ती म्हणाली, "आत्या, मला लहानपणापासून त्या खोलीची भीती वाटते. बाबापुढं बोलायची हिंमत न्हवती." दहा वर्षांची होती ती तेव्हा, दादा. दुपारची निर्मलाजवळ येऊन झोपायची. तुमाला वाटतं लेकरं विसरतात.

तुमी पंचवीस तारखेला तिला न्यायला येणार होता. मी बावीसलाच घेऊन आले. गाडी वसमतच्या स्टँडवर थांबली, हट्ट्याची गाडी शेजारीच उभी होती, कंडक्टर ओरडून राहिला होता. मी तिचा हात धरून तिला माझ्या घराकडं नेलं. तुमी पंचवीसला बाळापुरात जाऊन रिकाम्या हातानं परतलात, हे मला कळलं. मला सगळं कळतं.

सत्तावीसला दुपारी पंचफुला बाळंत झाली. मुलगी आहे, सहा पौंडांची, रडायला लागली तर गल्ली जागी होते. माझी खोली लहान आहे, पण समोरासमोर दोन खिडक्या आहेत, एका खिडकीतून आलेला वारा दुसरीतून जातो. सकाळी शेक देते, धूर लगेच बाहेर. फडकी न्हाई, कोंडणं न्हाई. मालकीणबाई पहिल्या दिवशी ओरडल्या, बाळंतिणीला वारा लागंल. आता त्याबी दुपारी येऊन खिडकीजवळ बसतात. पंचफुलाला एकदाही धाप लागली न्हाई.

हट्ट्यात काय बोललं जातं तेबी कानावर आलं. मास्तरांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं न्हाई. काय झालं असेल? मास्तरांचं काही बिनसलं का जावयाशी? वहिनीनं डिंकाचे लाडू करून ठेवले होते, पाळण्याला रंग दिला होता, आळीभर सांगून झालं होतं. आता तुमी विहारात जाता तर बाया बोलायच्या थांबतात. तुमचं नाक कापलं गेलं असं तुमी किशनरावांना म्हणालात. कापलं ना? मीच कापलं. ते तुमचं सगळ्यात दुखतं ठिकाण आहे, मला लहानपणापासून माहीत आहे. तिथंच मारायचं ठरवून मारलं.

आता माझी शेवटची अट ऐका. मागच्या दोन पत्रांत सांगितलेलं तुमी मजुराकडून करून घेतलं असतं तरी चाललं असतं. आता चालायचं न्हाई. पहार तुमी स्वतः घ्यायची. दिवसाउजेडी, रविवारी, आळी घरी असताना. न्हाणीची भिंत पाडायची, सिमेंट फोडायचं, खिडकी मोकळी करायची. कोणी विचारलं, मास्तर, हे काय, तर सांगायचं, ही खिडकी मी बंद करायला लावली, माझी भाची निर्मला या खोलीत हवेवाचून गेली. एवढंच. नशीब हा शब्द मधे आणायचा न्हाई. मी येईन, तुमच्या शेजारी उभी राहीन, आन् त्या विटा मी लावल्या होत्या हे मी माझ्या तोंडानं सांगेन. माझा वाटा मी टाळत न्हाई. पण तुमचा वाटा मी एकटीनं नऊ वर्षं वागवला, आता न्हाई वागवणार.

ते झालं की नातीला तुमच्या मांडीवर देईन. तोवर न्हाई.

काल तुमी आलात, त्याबद्दल लिहिते, कारण तुमाला वाटंल मला काही वाटलं असेल.

काल दुपारी पाऊस थांबला होता. दार वाजलं, उघडलं तर तुमी. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, काखेत लाडवांचा डबा, टोपी हातात. नऊ वर्षांत किती म्हातारे झालात. तुमी म्हणालात, "चांगुणा, पोरीला बघून जातो. पाच मिनिटं." मी दारात आडवी उभी राहिले आन् म्हणाले, "झोपली आहे." ती झोपली न्हवती. आतून तिचा आवाज आला, "आत्या, कोण आलंय?" तुमी ऐकला. तुमचा पाय उंबऱ्याकडं उचलला होता.

मी तुमच्या तोंडाकडं बघत तिला म्हणाले, "कोणी न्हाई." आन् दार लावून घेतलं.

तुमी किती तरी वेळ पायरीखाली उभे होता. मी दाराच्या फटीतून बघत होते. मला वाईट वाटलं न्हाई, दादा. बरं वाटलं. आत कोंडलेलं माणूस आन् बाहेर उभं राहिलेलं माणूस यांतलं अंतर तुमाला एकदा कळावं असं मला नऊ वर्षं वाटत होतं, ते काल कळलं असेल. मंग तुमी डबा पायरीवर ठेवून गेलात. लाडू मी तिला दिले, वहिनीच्या हातचे आहेत म्हणून. तुमी आला होता हे सांगितलं न्हाई.

लाडू खाता खाता तिनं विचारलं, "आई धाडते, मंग बाबा स्वतः काहून येत न्हाईत? रागावलेत का?" डोळ्यांत पाणी होतं. पोर तुमच्यावर माया करते, ते मी तोडू शकत न्हाई आन् तोडणारबी न्हाई.

मी तिला म्हणाले, "येतील. त्यांना आधी एक भिंत पाडायची आहे."

ती रोज विचारते. मी रोज हेच सांगेन.

निर्मलाची आई,
चांगुणा